माहितीचे माप शिकवणार कधी?

माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची ओळख करून देणारी शालेय पुस्तके चाळली, की बहुधा एकच साचा दिसतो : संगणकाचे भाग, त्याच्या पिढ्या, इंटरनेटचे उपयोग आणि शेवटी फायदे-तोटे. चित्रे सुबक असतात, भाषाही सोपी असते. तरीही आमच्या मते या मांडणीत एक मोठी उणीव राहते. ज्या माहितीचे हे तंत्रज्ञान, ती मोजता येते, हेच मुलांना सांगितले जात नाही.

‘डेटावर प्रक्रिया केली की माहिती मिळते’ ही व्याख्या मात्र हमखास भेटते. गुणांवरून वर्गाची सरासरी काढण्यापुरती ती ठीक आहे. पण तारेतून किंवा हवेतून नेमके काय आणि किती पाठवले जाते, याचे उत्तर तिच्यात नाही. ते १९४८ साली बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी दिले. संदेशाचा अर्थ त्यांनी बाजूला ठेवला आणि किती शक्यतांमधून एकीची निवड झाली, एवढेच पाहिले. दोन समान शक्यतांपैकी एक कळली, की एक बिट माहिती मिळाली. नाणेफेकीच्या निकालाला एक बिट पुरतो. आठ समान शक्यता असतील तर तीन बिट लागतात.

हे शाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे काय? मोबाइलवरचा एसएमएस घ्या. एका संदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी मजकुराला दर चिन्हास ७ बिट पुरतात, कारण ७ बिटांत १२८ चिन्हे वेगळी ओळखता येतात. ११२० ला ७ ने भागले की १६० चिन्हे मिळतात. देवनागरीसाठी सर्वसाधारणपणे युनिकोडची १६ बिटांची पद्धत वापरतात. तिच्यात शक्यता ६५,५३६, पण संदेशात जागा ७० चिन्हांचीच. शिवाय काना-मात्राही वेगळे मोजले जातात. ‘शाळा’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरी; यंत्राच्या लेखी चार चिन्हांचा. हा दोष मराठीचा नव्हे, संकेत ठरवण्याच्या पद्धतीचा हा परिणाम आहे.

या भागाकाराला संगणक लागत नाही. खडू आणि फळा पुरतो. तो न शिकवता केवळ बटणे शिकवली, तर मुले यंत्र चालवतील, पण मराठी संदेशाचे दोन तुकडे का झाले हे सांगू शकणार नाहीत. संगणकाचे भाग बदलतील, पिढ्यांची यादी लांबेल. बिटांचा हिशेब मात्र तसाच राहील. म्हणून शिक्षकांनी पहिली तासिका या हिशेबाला द्यावी, असे आम्हांला वाटते.