गर्भिणीमार्गदर्शनाची मराठी : चिखल्याच्या संदर्भात एक परीक्षण

मराठी गद्याचा विचार करताना आपण कथा, कादंबरी, निबंध आणि फार तर वृत्तपत्रीय लेखन येथवर येऊन थांबतो. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी व तान्ही मुले यांच्या संगोपनाविषयी जे मार्गदर्शनपर लेखन मराठीत होत असते, त्याकडे गद्य म्हणून पाहण्याचे कष्ट समीक्षेने फारसे घेतलेले नाहीत. वस्तुतः खेड्यातील पुष्कळ घरांत ट्रंकेत जपून ठेवलेला छापील मराठीचा कागद कोणता, असे विचारल्यास 'माता व बाल संरक्षण कार्ड' हेच उत्तर यावे. अशा लेखनाची कसोटी रसवत्ता ही नव्हे. ज्या स्त्रीसाठी ते लिहिले तिला ते ऐकल्यावर काय करावयाचे, केव्हा करावयाचे आणि का करावयाचे हे उमगले की नाही, एवढीच ती कसोटी होय. 'ऐकल्यावर' असे मुद्दाम म्हटले आहे. कारण हा मजकूर बहुधा आशाताई किंवा अंगणवाडीताई वाचून दाखविते, आणि त्या क्षणी तो लेखन न राहता बोलणे होतो.

परीक्षणासाठी भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव समोर ठेवले आहे. मध्य प्रांतात ब्रिटिश अमदानीत मँगॅनीजच्या खाणींचा जो पट्टा उभा राहिला, त्यातले हे गाव. येथील भूमिगत खाण १९६२ साली स्थापन झालेल्या मँगॅनीज ओअर इंडिया लिमिटेडची, म्हणजे आजच्या 'मॉइल'ची आहे. कंपनीच्या कागदपत्रांत गावाचे नाव 'चिकला' असे आढळते. रोमन लिपीतून परतताना 'ख' वाटेत हरवला! कचेरीतून फेरफटका मारून आलेला शब्द गावात ओळखू येईनासा होतो, याचे हे लहानसे प्रात्यक्षिक समजावे. या परिसरात झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, आणि मध्य प्रदेशची सीमा जवळ असल्यामुळे हिंदी तर आहेच. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' हे वर्ण नाहीत, असे तिच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. म्हणजे 'बाळंतीण' हा आपल्याला सर्वांत घरगुती वाटणारा शब्ददेखील येथे उच्चारापासूनच थोडा परका आहे.

प्रथम संबोधनाचा विचार करू. शासकीय मजकुरात स्त्री ही 'गरोदर माता', मग 'स्तनदा माता' आणि हिशेबाच्या रकान्यात 'लाभार्थी' असते. मूल जन्मण्यापूर्वीच तिला 'माता' केले आहे. तिचे स्वतःचे असे नाते उरलेले नाही. बोलीतील 'दोन जिवांची' हा प्रयोग याच्याशी ताडून पाहावा. संस्कृत वैद्यकग्रंथांनी गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले. त्या कल्पनेशी जोडलेल्या 'दोहद' या शब्दातून आपले 'डोहाळे' आले. डोहाळ्यांत इच्छा गर्भिणीची आहे आणि ती पुरविण्याची जबाबदारी घरच्यांची. आधुनिक मार्गदर्शनात हे नाते उलटे झाले आहे. त्याचे प्रमुख क्रियारूप विध्यर्थी : मातेने घ्यावे, मातेने टाळावे, मातेने विश्रांती करावी. प्रत्येक वाक्याचा कर्ता ती आणि वाक्य पार पाडण्याची साधने मात्र इतरांच्या हाती. पाणी कोणी भरावयाचे, रोवणीच्या दिवसांत तिच्या वाट्याचा बांध कोणी करावयाचा, याविषयी व्याकरण मूक आहे. नवरा हा या गद्यात क्वचितच कर्ता होतो. हा शैलीचा किरकोळ दोष नव्हे. विश्रांती न मिळालेल्या स्त्रीवर विश्रांती न घेतल्याचा ठपका येतो, तो याच वाक्यरचनेतून.

आता शब्द. 'संस्थात्मक प्रसूती' म्हणजे दवाखान्यातले बाळंतपण, हे सांगण्यासाठी दुभाषी लागावा हे नवलच. पण याहून सूक्ष्म उदाहरणे आहेत. मराठी स्त्री मुलाला 'अंगावर पाजते'. कार्ड तिला 'स्तनपान' करावयास सांगते, आणि पहिले सहा महिने तर 'निव्वळ स्तनपान'. बोलण्यात 'निव्वळ' हा शब्द बहुधा उणेपणाने येतो : निव्वळ मूर्खपणा, निव्वळ पाणी. शिवाय स्तनपान निव्वळ असावे म्हणजे नेमके काय वगळावे, हे त्यातून कळत नाही. भंडाऱ्याच्या वैशाखात तान्ह्याच्या ओठाला चमचाभर पाणी लावणे ही कोणालाही माया वाटेल. तेथे सांगावयास हवे ते असे : आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते, म्हणून उन्हाळ्यातही बाळाला वरचे पाणी नको, पाणी आईने भरपूर प्यावे आणि बाळाला अधिक वेळा पाजावे. निषेधाबरोबर कारण आले की निषेध पाळला जाण्याचा संभव वाढतो.

'चीक' या शब्दाची गोष्ट अधिक बोलकी आहे. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आपण कौतुकाने वाटून खातो. बाळंतिणीचा चीक मात्र पुष्कळ घरांत पिळून टाकला जाई व अजूनही काही ठिकाणी टाकला जातो. झाडाचा चीक, चिकट, चिकटा या शब्दपरिवारामुळे अर्थाला जी छटा चढली, तिचाही यात हात असावा, असे मला वाटते. प्रसूतीनंतर तासाभरात बाळाला पाजण्याचा उपदेश करणाऱ्याने 'कोलोस्ट्रम' हा शब्द आणून ठेवण्यापेक्षा खरवसाची आठवण करून द्यावी. वासराला जे पहिले मिळते, ते आपल्या लेकराला का नको, हा युक्तिवाद कोणत्याही चुलीपाशी समजतो.

या लेखनाने गमावलेली दुसरी संधी कालगणनेची. २०११ साली देशभर सुरू झालेल्या नवजात बालकाच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशाताईने ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशी घरी जावयाचे असते. बाळंतपण घरी झाले असल्यास पहिल्या दिवशीही. मराठी घराचे स्वतःचे एक पंचांग आहे : पाचवी, बारसे, सव्वा महिना. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहिते म्हणून जागरण करावयाचे, या समजुतीत पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा असतो हे अनुभवाने मिळालेले ज्ञान दडलेले आहे. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्यामुळे होणारा धनुर्वात याच दिवसांत मूल नेत असे. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. जागरण करणाऱ्या त्या घरालाच सांगता आले असते : आज रात्री बाळ नीट ओढून पिते काय, अंग गार पडले आहे काय, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक होतात काय, छाती आत ओढली जाते काय, एवढे पाहा, यांतले काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नका. तसेच उष्टावणाचे. 'पूरक आहार' हा शब्द कोणत्याही आजीला ठाऊक नाही, उष्टावण ठाऊक आहे. मुलाचे सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात, या रूढीमुळे मुलीच्या तोंडी घास पाचव्यात लवकर किंवा सातव्यात उशिरा पडतो. सहा महिने पूर्ण होताच दोघांचेही उष्टावण करा, हे एक वाक्य पानभर तक्त्याचे काम करील.

पुण्यामुंबईकडील ग्रंथांविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे. त्यांची भाषा सुबोध आहे, माहितीही बरीचशी विश्वसनीय. परंतु त्यांतली गर्भिणी दुपारी डाव्या कुशीवर पडू शकते, बदाम भिजत घालते आणि गर्भावर संस्कार करण्यासाठी निवांतपणा बाळगून असते. चिखल्याच्या बाजारात बदाम महाग; तलावांच्या या जिल्ह्यात मासे व शिंगाडे आहेत, घरात जवस आहे, पावसाळ्यात तरोट्याची भाजी फुकट आहे. यांचा उल्लेख त्या पुस्तकांत शोधावा लागतो.

सर्वांत गंभीर आक्षेप 'रक्त' या शब्दाशी निगडित आहे, आणि येथे भाषेची हयगय प्रत्यक्ष जिवावर येऊ शकते. पूर्व विदर्भात 'रक्त कमी आहे' या एका वाक्यात दोन अगदी भिन्न व्याधी एकत्र बांधल्या जातात. एक लोहाच्या अभावामुळे होणारा रक्तक्षय. त्यावर लोह व फॉलिक आम्लाची लाल गोळी, जिला लोक 'रक्तवाढीची गोळी' म्हणतात, ती गरोदरपणाचे पहिले तीन महिने सरल्यावर रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची असते. तिने शौचाला काळे होते, मळमळते. हे आधी न सांगितल्यामुळे गोळ्या उशाखाली जमतात. चहाबरोबर घेतल्यास तिचा गुण उतरतो, लिंबू वा आवळ्याने वाढतो. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. दुसरी व्याधी सिकलसेलची. ती आईवडिलांकडून येते, लोहाने बरी होत नाही, आणि ज्या सिकलग्रस्त स्त्रीला वारंवार रक्त द्यावे लागले आहे तिला लोह द्यावे की नाही, हे तपासून ठरवावे लागते. भंडारा हा सिकलसेलच्या पट्ट्यातला जिल्हा आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. परंतु अभियानाची शब्दकळा पाहावी. ज्याच्या अंगी दोष आहे पण आजार नाही, त्याला 'वाहक' म्हटले जाते. मराठी माणसाला वाहक माहीत आहे तो एस.टी.त तिकिटे फाडणारा! या शब्दाने धोका कळत नाही आणि आश्वासनही मिळत नाही. सांगावयाचे ते असे : तुम्ही आजारी नाही, पण नवराबायको दोघांच्याही रक्तात हा दोष असला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक. 'पहिले मूल चांगले झाले, आता भीती नाही' हा समज 'प्रत्येक' या शब्दावर जोर दिल्याखेरीज जाणार नाही. गर्भाचे निदान लवकर करता येते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच नोंदणी हवी, आणि तपासणी नवऱ्याचीही हवी. येथे तरी त्याला वाक्याचा कर्ता करणे भाग आहे.

खाणीच्या गावाला लागू पडणारा मजकूर तर जवळजवळ नाहीच. विशेष हे की कायद्याला खाणीतली आई फार पूर्वी दिसली होती. खाणीतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा स्वतंत्र कायदा १९४१ चा. १९६१ च्या कायद्यानेही खाण, कारखाना व मळा यांना आरंभापासून आपल्या कक्षेत घेतले, कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी दिली, आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. मार्गदर्शनपर लेखन मात्र आईला कामकरी म्हणून ओळखतच नाही. मँगॅनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेला अपाय होतो, हे १८३७ पासून वैद्यकास ठाऊक आहे. खाणीतून आलेल्याने अंग धुऊन कपडे बदलल्यावरच तान्ह्याला उचलावे, ते कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर धुऊ नयेत, एवढी साधी सूचना या गावासाठी कोणी तरी लिहावयास हवी होती.

'दवाखान्यात या' हे या साऱ्या लेखनाचे पालुपद आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु भंडाऱ्यात हे वाक्य मोकळ्या मनाने ऐकले जात नाही, हे लेखकाने ध्यानात घ्यावे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या विशेष काळजी कक्षात आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. ७ वाचविण्यात आली. मराठीत 'काळजी घेणे' आणि 'काळजी वाटणे' यांना एकच शब्द आहे. त्या पहाटेनंतर कक्षाच्या पाटीवरील 'काळजी' जिल्ह्यातील आयांनी कोणत्या अर्थाने वाचली असेल, हे सांगावयास नको. भीतीला उत्तर घोषवाक्याने मिळत नाही. कक्षात आई बाळाजवळ केव्हा जाऊ शकते, रात्री कोण जागे असते, कोणाला विचारावयाचे, ही माहिती ज्या पत्रकात असेल ते पत्रक घोषणेपेक्षा जास्त पटेल.

याचा अर्थ परंपरेला शरण जावे असा मुळीच नाही. नाळेला शेण वा राख लावणे, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालणे, कोंडलेल्या खोलीत शेगडीचा धूर करून शेकणे, या गोष्टींना 'शक्यतो टाळावे' असे गुळमुळीत न म्हणता 'करू नका' असेच म्हटले पाहिजे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे औषधे होती, प्रशिक्षण होते, देखरेख होती; केवळ भाषेने मुले वाचली असे कोणी म्हणणार नाही. पण सांगणारी स्त्री गावची होती, 'आरोग्यदूत' हा शब्द ऐकताच कळणारा होता, हेही त्या यशातून वगळता यावयाचे नाही.

मग सर्व मजकूर झाडीबोलीत छापावा काय? माझे मत प्रतिकूल आहे. एकाच आळीत पोवारी, गोंडी व हिंदी बोलणारी घरे असता एका बोलीत छापणे म्हणजे उरलेल्यांना पुन्हा परके करणे. शिवाय छापील बोली वाचून दाखविताना कृत्रिम व कित्येकदा थट्टेची वाटते. प्रमाण मराठीच ठेवावी, परंतु लहान वाक्यांची, क्रियापदांवर उभी असलेली, आणि कारण सांगणारी. 'अंगावरून जाणे' यासारख्या प्रयोगात पांढरे की लाल हे विचारूनच पुढे जावे लागते. तेथे 'रक्तस्राव' हा एक शब्द छापून भागत नाही. म्हणून कार्डाच्या प्रत्येक पानाला रुंद समास ठेवावा, आणि त्यात धोक्याच्या एकेका लक्षणासमोर गावात चालणारा शब्द आशाताईने आपल्या हाताने लिहावा.