डॉक्टर तोट्यात, नर्स फायद्यात? थांबा, आधी छेद तपासा

आरोग्य क्षेत्रातलं शिक्षण परवडतं का, या प्रश्नावर काम करायचं ठरवलंत की तुम्हीही बहुधा अमेरिकेचा 'कॉलेज स्कोअरकार्ड' हा सरकारी डेटा उघडाल. अभ्यासक्रमानुसार कर्ज आणि कमाई, दोन्ही फुकट मिळतं. मग कर्जाला कमाईने भागायचं आणि क्रम लावायचा. मीही तेच केलं. नर्सिंग वर, एमडी पार तळाला! गाईडनी एकच विचारलं, "कमाई कितव्या वर्षाची घेतलीस?"

मी पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाचा रकाना घेतला होता. तिथे एमडी झाल्यावर साधारण 3 ते 7 वर्षं रेसिडेन्सी असते. म्हणजे माझ्या छेदात डॉक्टरचा पगार नव्हताच, रेसिडेंटचा स्टायपेंड होता. अंशात मात्र अख्खं कर्ज. कर्ज काढून एमडी झालेल्यांचं मीडियन कर्ज सुमारे 2 लाख डॉलर. नर्स पहिल्याच वर्षी पूर्ण पगारावर. कैरी आणि आंबा मी एकाच भावाने तोलत होते. 2014 च्या 'गेनफुल एम्प्लॉयमेंट' नियमात रेसिडेन्सी लागणाऱ्या अभ्यासक्रमांची कमाई उशिराच्या वर्षांत मोजायची तरतूद होती. नियम करणाऱ्यांना जे सुचलं, ते फाईल डाउनलोड करताना मला सुचलं नाही.

दुसरी अडचण माणसांची. कर्जाचा आकडा फक्त फेडरल कर्ज घेणाऱ्यांचा, खासगी कर्ज त्यात धरलेलं नाही. कमाईसुद्धा फेडरल मदत घेतलेल्यांचीच. पुण्याहून तिकडे एमपीएच करायला निघालेली तुमची मैत्रीण इथल्या बँकेकडे घर तारण ठेवून कर्ज काढते. ती या डेटात कुठेच नाही. तिला हे गुणोत्तर दाखवून 'जा' किंवा 'नको' सांगू नका.

हा नुसता किस काढणं नाही. अमेरिकेच्या 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांच्या फेडरल कर्जावर एकूण मर्यादा घातली: पदव्युत्तरला 1 लाख डॉलर, 'व्यावसायिक' पदवीला 2 लाख. कोण कुठल्या रांगेत, यावरून वाद आहे, आणि अशा वादांत आपले तक्ते पुरावा म्हणून फिरतात.

म्हणून प्रपोजलमध्ये आधी तीन ओळी लिहा: कर्ज कोणाचं, कमाई कोणाची, पदवीनंतर कितव्या वर्षी. एकीचंही उत्तर देता येत नसेल, तर क्रम लावूच नका.