‘पकराऊ’ हे मराठीतून आलं का?

‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश कधी चाळलाय का? हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द गोळा करून हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केलेला हा कोश १८८६ मध्ये छापला गेला. आपल्या ठाणे आणि कल्याणच्याही नोंदी त्यात आहेत. त्या बघताना मला एक इंग्रजी क्रियापद सापडलं: ‘पकराऊ’. अर्थ, पकडणे. आज ते वापरात नाही.

“अरे, हे तर आपलं ‘पकडा’!” डोंबिवली लोकलमध्ये उभ्या-उभ्या मी तशी नोंदही करून टाकली. घोळ इथेच होतो. उच्चार जुळला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. तो फक्त हायपोथिसिस. मग तपासायचं कसं? प्रयोगात कंट्रोल ठेवतो, तशी इथे शब्दाची भावंडं बघा. त्याच कोशात ‘बनाऊ’ आणि ‘डमकाऊ’ आहेत. मराठीत आपण ‘बनवा’, ‘धमकावा’ म्हणतो. हिंदुस्थानीत ‘बनाओ’, ‘धमकाओ’. शेवटचा ‘आऊ’ कुठला, ते लगेच कळतं.

कोशकारही हिंदुस्थानी आज्ञार्थाकडेच बोट दाखवतात आणि दोन पर्याय देतात: ‘पकडवा’ या अर्थाचं ‘पकडाओ’, किंवा ‘पकड’ आणि ‘आओ’ मिळून ‘पकडून ये’. दुसरा कदाचित अधिक बरोबर, असंही म्हणतात. एकाच व्युत्पत्तीचा हट्ट धरला नाही, हे मला आवडलं.

पण त्यांचा पुढचा दावा नीट वाचा. हा शब्द मुळात गोऱ्या शिपायांच्या बोलीतला, असं ते सांगतात. पटण्यासारखं आहे; ज्याला फक्त हुकूम सोडायचेत, त्याच्या तोंडी आज्ञार्थच बसणार. मात्र खाली दिलेलं १८६६ चं उदाहरण ट्रेव्हेल्यनच्या ‘द डाक बंगलो’ या नाटकातलं आहे. तिथे प्रियकर प्रेयसीशी बोलतोय! शब्द तेव्हा प्रचारात होता, एवढं त्यातून कळतं. तो शिपायांचा होता, हे त्यातून सिद्ध होत नाही.

लिटरेचर रिव्ह्यू करताना म्हणूनच दोन रकाने आखा: लेखक काय म्हणतो, आणि त्यासाठी तो काय दाखवतो. मोठ्या नावाच्या ग्रंथातही या दोन्हींत अंतर असू शकतं. माझी लोकलमधली नोंद मी अजून खोडलेली नाही. ती चुकीची का, एवढं बाजूला लिहून ठेवलंय.