विस्तारस्थानांचा शोध : एका अर्जसंहितेचे परीक्षण

धंतोली ही नागपूरची रुग्णालयांची वस्ती. तेथील एका दवाखान्याच्या संकेतस्थळावर भेटीची वेळ मागण्याचा मराठी अर्ज होता; परंतु दूरध्वनी क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला की तो अवैध ठरे. देखभाल करणाऱ्याने प्लगिनच्या मूळ फाइलीतील एक ओळ बदलून दोष दूर केला. पुढे नवी आवृत्ती आली, फाइल नव्याने लिहिली गेली आणि दोष परतला. प्रसंग लहान, पण दुसऱ्याच्या संहितेत आपला बदल कोठे करावा, हा त्यातून उद्भवणारा प्रश्न लहान नाही.

हा अर्ज ताकायुकी मियोशी यांच्या ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ या २००७ पासून प्रचारात असलेल्या प्लगिनवर आधारलेला होता. वर्डप्रेसमध्ये प्लगिनांची व्यवस्था २००४ च्या १.२ या आवृत्तीत आली. तिचा पाया म्हणजे हूक, अर्थात कर्त्याने मुद्दाम मोकळी ठेवलेली विस्तारस्थाने. त्यांपैकी ‘अ‍ॅक्शन’ घटनेची केवळ वर्दी देते. ‘फिल्टर’ एक मूल्य हाती देते व ते परत मागते. म्हणून संहितेत ‘डू_अ‍ॅक्शन’ आणि ‘अप्लाय_फिल्टर्स’ हे शब्द शोधावेत, असे विद्यार्थ्यांस सांगण्यात येते. हा नियम उपयुक्त खरा, पण अपुरा आहे. मियोशींच्या संहितेत ‘डब्ल्यूपीसीएफ७_व्हॅलिडेट_’ या उपसर्गास रकान्याचा प्रकार जोडून फिल्टरचे नाव आयत्या वेळी सिद्ध होते. पूर्ण नाव शोधणाऱ्यास ते सापडत नाही व विस्तारस्थानच नाही, असा चुकीचा निष्कर्ष तो काढतो.

प्रस्तुत दोषाचे मूळ मात्र दुसरीकडे आहे. क्रमांकातील कंस, रेघा व मोकळ्या जागा गाळून उरलेले अंक इंग्रजी वळणाचेच आहेत की नाहीत, एवढेच ही संहिता पाहते. आणि निर्णय ‘डब्ल्यूपीसीएफ७_इज_टेल’ या फिल्टरच्या स्वाधीन करते. मराठी अंकांचा विचार कर्त्याने केला नाही. पण आपला निर्णय दुसऱ्यास फिरवता यावा, अशी सोय त्याने ठेवली. हा गुण सामान्य नव्हे. येथे एक सावधगिरी हवी. हे फिल्टर निर्णय व क्रमांक अशी दोन मूल्ये देते, तर वर्डप्रेस न सांगता एकच पोहोचवते. दुसरे स्पष्टपणे मागितले नाही, तर आपल्या फंक्शनला क्रमांक दिसतच नाही. शिवाय क्रमांक स्वीकारणे निराळे आणि त्याचे रूपांतर करणे निराळे. पत्रात इंग्रजी अंक हवे असल्यास ‘डब्ल्यूपीसीएफ७_पोस्टेड_डेटा’ या फिल्टरकडे वळावे लागते.

तथापि, या रचनेत एक उणीव आहे. २०२२ च्या ५.६ या आवृत्तीपासून परीक्षणाचे नियम ब्राउझरमध्येही चालतात आणि सर्व्हरवरील फिल्टर तेथवर पोहोचत नाही. दार एका बाजूने उघडले, दुसऱ्या बाजूने लोटलेलेच राहिले.

विस्तारस्थान हा कर्त्याने अनोळखी वाचकाशी केलेला करार होय. मूळ फाइलीत ढवळाढवळ करणारा तो करार न वाचताच मोडतो आणि त्याची किंमत अखेर रुग्णास मोजावी लागते. म्हणून संहितेचे परीक्षण करताना ती काय करते, याबरोबरच ती कोठे थांबून दुसऱ्यास बोलू देते, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.