क्लाइव्ह ते गांधी : गाळलेला माणूस

लंडनमध्ये साम्राज्याचा इतिहास पायी फिरवून दाखवणाऱ्या सहली निघतात. एका परिसंवादासाठी तिथे गेलो असता अशाच एका सहलीत मी दोन तास चाललो. पुस्तकाची समीक्षा होते तशी या सहलीचीही व्हायला हवी. कारण काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे इथेही कोणीतरी ठरवलेले असते.

वाटाड्या तरुण आणि प्रामाणिक होता. परराष्ट्र खात्याच्या इमारतीजवळ रॉबर्ट क्लाइव्हचा १९१२ सालचा पुतळा आहे. त्याखाली उभे राहून त्याने प्लासी (१७५७), बंगालची दिवाणी (१७६५) आणि १७७० चा दुष्काळ ही साखळी न कचरता उलगडली. लुटारूच्याच पायाशी लुटीचा हिशेब मांडला जातो, ही गोष्ट लहान नाही.

पण सहल संपली ती पार्लमेंट स्क्वेअरमध्ये, २०१५ साली बसवलेल्या गांधीजींच्या पुतळ्यापाशी. क्लाइव्हने देश लुटला, गांधीजींनी सोडवला, गोष्ट पूर्ण! या गोष्टीत हिंदी समाज एकजिनसी आहे. गावकुसाबाहेरचा माणूस तिच्यात नाहीच. १८१८ साली कोरेगावला महार शिपाई ज्या सत्तेसाठी लढले, त्याच सत्तेने शतक संपण्याआधी महारांना लष्कराची दारे बंद केली. ही फसवणूक साम्राज्याच्या हिशेबात धरायची नाही काय?

क्लाइव्हच्या पुतळ्यासमोरचे उद्यान ओलांडले की सेंट जेम्स राजवाडा लागतो. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी तिथे ब्रिटिशांना जाब विचारला : तुमच्या आधी आम्हाला विहीर बंद होती, देऊळ बंद होते, तुमच्या एवढ्या वर्षांच्या राज्यात त्यातले काय उघडले? आणि म्हणून त्यांनी लोकांच्या राज्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी गांधीजी तिथे आले, ते अस्पृश्यांचेही प्रतिनिधी आपणच, असा दावा घेऊन. म्हणजे साम्राज्याशी आणि सवर्णांशी एकाच वेळी झालेला झगडा या शहरात घडला आहे.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. माझी आजी विहिरीपासून दूर उभी राहून वरून ओतलेले पाणी घेत असे. तिच्या त्या विहिरीचा प्रश्न त्या राजवाड्यात विचारला गेला होता. हे मी वाटाड्याला सांगितले. तो म्हणाला, “खरे आहे, पण वेळ पुरत नाही.”

हे उत्तर मला नवे नव्हते. अभ्यासक्रम ठरवणारेही हेच सांगतात. वेळ क्लाइव्हला पुरतो, गांधीजींना पुरतो. आमची पाळी आली की संपतो. साम्राज्याचा खरा इतिहास दाखवायचा असेल, तर ही सहल आणखी वीस मिनिटे चालली पाहिजे.