अडगळ समृद्ध असेल, पण ती उपसायची कुणी?

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' २०१० साली आली आणि तिचं उपशीर्षक कादंबरीपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचलं. 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे शब्द पुस्तक कधीच न उघडलेले लोकही सर्रास वापरतात. कपाट आवरलेलं नसलं की वापरतात, फोनची मेमरी फुल झाली की वापरतात. गेल्या वर्षी आत्याचं घर रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा एका मित्राने मला मेसेजमध्ये हेच शब्द पाठवले. मग मी 'हिंदू' पुन्हा वाचली, आणि तिच्यासोबत घर, वारसा नि सामान यांच्याशी भिडणाऱ्या आणखी तीन कलाकृती पाहिल्या-वाचल्या. माणूस गेल्यावर मागे उरलेल्या वस्तूंबद्दल यातली कुठली खरं बोलते, एवढंच मला शोधायचं होतं.

आधी त्या घराबद्दल थोडं. दोन खोल्या, त्यात आत्या एकटी ३८ वर्षं राहिली. इमारत पुनर्विकासाला गेलेली, खोल्या सोडायला ३० दिवस. आत धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांचे गठ्ठे, रबरबँडांनी भरलेले डालड्याचे डबे, लग्नपत्रिका, औषधांची रिकामी पाकिटं, साड्यांचे खोके (साड्या नव्हेत, फक्त खोके), आणि कुकरच्या अकरा गास्केटी. ज्या कुकरच्या त्या गास्केटी, तो कुकरच घरात नव्हता. पलंगापासून मोरीपर्यंत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. नातेवाइकांत दोन मतं होती. एक, 'वेडी होती बिचारी'. दुसरं, 'दुष्काळ पाहिलेली पिढी, असंच करणार'. दुसरं मत प्रेमळ आहे, पण पुरेसं नाही. १९७२चा दुष्काळ आणि रेशनच्या रांगा आत्याच्या सख्ख्या भावंडांनीही पाहिल्या. त्यांची घरं लख्ख आहेत.

आता 'हिंदू'. खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक आहे आणि वडिलांच्या मृत्यूच्या निमित्ताने तो मोरगावला येतो. नायकाचा हा व्यवसाय ही नेमाड्यांची फार हुशार निवड आहे. उत्खनन करणाऱ्याच्या दृष्टीने कचरा नावाची गोष्टच नसते. फुटकं खापर हाही पुरावा. कादंबरीची रचनाही तशीच आहे. नातेवाईक, जाती, भांडणं, ओव्या, गोष्टीच्या पोटात गोष्ट, काहीच वगळायचं नाही. ही शैली ज्यांना पाल्हाळ वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. सगळं ठेवण्याचा हट्ट हाच तिचा विषय आहे.

पण घर उपसताना वाचली तर तिची मर्यादा चटकन दिसते. नेमाड्यांची अडगळ मुख्यतः भाषेची आणि स्मृतीची आहे. तिला वजन नाही, वास नाही, तिच्यात झुरळं होत नाहीत. खंडेराव ती डोक्यात घेऊन कुठेही जाऊ शकतो. 'समृद्ध' हे विशेषण तिला शोभतं, कारण ती कुणाला चार जिने उतरवायची नसते.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' या बाबतीत जमिनीवर आहे. विजया मेहतांनी ते १९८५ साली रंगमंचावर आणलं. धरणगावच्या देशपांड्यांचे तात्याजी वारलेत, मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह आलाय, तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावर घर धुमसतंय. मराठी नाटकात वारसा म्हटला की वाटणी येते, आणि वाटणीत बसतात त्या किंमत असलेल्या वस्तू. इथेही सोनं आहे, वाडा आहे. मात्र दोन जागी एलकुंचवार वाटणीच्या पलीकडे जातात. एक, दारातला गंजलेला ट्रॅक्टर. तो कुणी चालवत नाही आणि हलवतही नाही, कारण तो हलवला तर ज्या दिवसांसाठी घेतला ते दिवस येणार नाहीत हे मान्य करावं लागेल. दुसरी जागा म्हणजे वहिनी रात्री अंगभर दागिने घालते तो प्रसंग. त्या क्षणी सोन्याचा भाव महत्त्वाचा राहत नाही. ते अंगावर चढल्यावर ती कोण होते ते महत्त्वाचं. आत्याच्या गास्केटींचं कोडं मला या ट्रॅक्टरमुळे थोडं सुटलं. त्या भूतकाळाच्या खुणा नव्हत्याच. ज्या दिवशी घरात चार माणसं जेवायला असतील आणि मोठा कुकर लागेल, त्या दिवसाची ती तयारी होती.

घर भरून माणूस मेल्याची जगातली सर्वात गाजलेली गोष्ट न्यूयॉर्कची आहे. हार्लेममधल्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर होमर आणि लँगली कॉलियर हे भाऊ राहत. १९४७च्या मार्चमध्ये पोलिसांना होमर मृतावस्थेत सापडला. लँगली सापडायला आणखी दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला, आणि तो होता त्याच खोलीत, काही फुटांवर, ढिगाखाली. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघालं, त्यात चौदा पियानो. बघ्यांची गर्दी जमली. घर त्याच वर्षी पाडलं गेलं.

ई. एल. डॉक्टरोव यांनी २००९ साली 'होमर अँड लँगली' लिहिताना या तमाशाकडे पाठ फिरवली. निवेदन आंधळ्या होमरकडे दिलं. त्यामुळे वाचकाला ढीग दिसत नाही. तो हाताला लागतो, वाट अरुंद होत गेलेली कळते. लँगली वर्तमानपत्रं साठवतो, कारण त्याला कुठल्याही दिवशी लागू पडेल असा एकच अंक तयार करायचा आहे. साठवणाऱ्याला स्वतःची पद्धत असते, हे डॉक्टरोवना नेमकं कळलंय. वेडगळ वाटेल, पण पद्धत. तक्रार एकच: कादंबरी अंधारात संपते, आणि दुसऱ्या दिवशी दार फोडून येणाऱ्यांचं काम पानांबाहेर राहतं. कॉलियरांच्या घरी ते पालिकेने केलं. आपल्याकडे ते भाच्या करतात.

चौथी कलाकृती पुस्तक नाही. बीजिंगचा कलावंत सोंग डोंग याचे वडील २००२ साली वारले आणि आई झाओ शियांगयुआन घरात सामान कोंबत गेली. फेकायला सांगितलं की ती आणखी दुःखी व्हायची. मुलाने आईला सोबत घेतलं आणि दोघांनी घरातलं सगळं बाहेर मांडलं. 'वेस्ट नॉट' नावाचं हे मांडणीशिल्प २००५ साली बीजिंगला झालं: १०,०००हून जास्त वस्तू, टूथपेस्टच्या पिळलेल्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, चपला, आणि मधोमध जुन्या घराचा लाकडी सांगाडा. त्यात साबणाच्या वड्याही आहेत. टंचाईच्या काळात आईने त्या मुलांसाठी वाचवल्या; मुलांच्या घरात वॉशिंग मशिन आलं.

फोटोंत हे काम फार नेटकं दिसतं आणि तिथे माझी अडचण होते. झाकणांच्या रांगेत झाकणं, चपलांच्या रांगेत चपला. साठवणाऱ्याच्या घरात असं वर्गीकरण नसतं. तिथे विजेचं बिल, केसांच्या पिना आणि नवऱ्याचा फोटो एकाच पिशवीत असतात. कलादालनाने गुदमरणं काढून टाकलं. पण या कामाची थोरवी मांडणीत नाहीच. ते आई जिवंत असताना झालं, यात आहे. प्रत्येक वस्तूशेजारी आई होती आणि लोक तिला विचारू शकत होते: हे का ठेवलंत? ती सांगायची. २००९ साली ती गेली, तोवर तिच्या ढिगाला तिचीच वाचा मिळाली होती.

आत्याच्या घरात विचारायला कुणी नव्हतं. पण डब्यांमागे २६ वर्षांची 'कालनिर्णय' निघाली. दुधाचा हिशोब सगळ्यांच्याच घरी त्यावर असतो. हिच्या चौकोनांत दुधाखाली त्या दिवशी घरी कोण आलं त्याचं नाव होतं. पुढच्या पुढच्या वर्षांत नावं विरळ होत जातात, शेवटच्या काही महिन्यांत नुसतं दूध. दुधाच्या पिशव्या, खोके, पत्रिका किलोवर रद्दीवाल्याकडे गेल्या आणि जायलाच हव्या होत्या. कॅलेंडरं गेली नाहीत. 'वेडी होती' म्हणणाऱ्या काकांनी ती तासभर चाळली. त्यांनी तो शब्द पुन्हा वापरला नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ साली अति-साठवणुकीला स्वतंत्र विकाराचं स्थान मिळालं. ते बरंच झालं. निदान असल्या माणसाला आळशी म्हणणं तरी थांबावं. पण निदान झालं तरी कुठली पिशवी ठेवायची हे ठरत नाही. ते ठरवायला वाचन लागतं, तेही नाकाला रुमाल बांधून केलेलं. नेमाड्यांनी सगळं ठेवायला शिकवलं, एलकुंचवारांनी ट्रॅक्टर दाखवला, डॉक्टरोवनी आतला अंधार. उपसणाऱ्याची कादंबरी मराठीत मला अजून भेटलेली नाही. ती लिहिली जाईल तेव्हा तिच्यात रद्दीवाल्याचा वजनकाटा असावा, आणि शक्यतो तिची सुरुवात घरातलं माणूस जिवंत असतानाच व्हावी.