‘पाणी’, ‘शीतन’ आणि ‘ताण’ : ओतीव पोलादाच्या परिभाषेचे परीक्षण

ओतीव पोलादावर मराठीत लिहिणाऱ्यापुढे दोन शब्दभांडारे असतात. एक लोहारशाळेचे, दुसरे परिभाषाकोशांचे. पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडावा (जि. परभणी) यासारख्या गावाच्या संदर्भात दोहोंचीही गरज पडते. गावचा लोहार विळ्याला ‘पाणी देतो’. आणि रूळ जेथे एकमेकांस छेदतात तेथे भारतीय रेल्वे ओतीव मँगनीज-पोलादाचे क्रॉसिंग वापरते. दोन्ही वस्तू तापवून पाण्यातच बुडविल्या जातात. परंतु परिणाम एक नव्हे.

‘पाणी’ या शब्दात क्रिया व फळ ही एकजीव झाली आहेत. ‘पाणीदार’ व ‘पाणी उतरणे’ हे प्रयोग याची साक्ष देतात. विळ्याच्या कार्बनी पोलादापुरते हे यथार्थ आहे : त्वरित शीतनामुळे कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही, ऑस्टेनाइट या प्रावस्थेचे मार्टेन्साइट होते व धार कठीण बनते. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेल्या, सुमारे १२ टक्के मँगनीज असलेल्या पोलादाचे मात्र उलट आहे. सावकाश निवल्यास त्याच्या कणसीमांवर कार्बाइडे साठून ते ठिसूळ होते. सुमारे १०५० अंश सेल्सिअसवरून पाण्यात बुडविल्यास ऑस्टेनाइट टिकते आणि ते चिवट, तुलनेने मऊ राहते. त्यास काठिण्य येते ते पुढे, चाकांच्या आघातांनी. येथे ‘पाणी दिले’ असे लिहिल्यास वाचक नेमका विपरीत अर्थ घेईल.

कोशातील ‘शीतन’ हा शब्द असा भ्रम निर्माण करीत नाही. पण तो वेगाविषयी मौन पाळतो, आणि सारा भेद तर वेगातच आहे. ‘त्वरित’ किंवा ‘मंद’ या विशेषणांवाचून तो अपुराच होय.

‘ताण’ या शब्दाचा ढिला वापर याहून घातक ठरतो. प्रावस्था न बदलता वस्तू निवाली, तर पृष्ठभाग आधी आकसतो, गाभा मागाहून. परिणामी अखेर पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण उरतो. गाभ्यापर्यंत मार्टेन्साइट होत असेल तर मात्र गाभा शेवटी प्रसरण पावतो, आधीच कठीण झालेल्या पृष्ठभागावर ताण येतो व वस्तू वाकते वा तडकते. दोन्ही स्थितींस ‘ताण’ म्हटले की तड्याचे कारणच वाक्यातून नाहीसे होते. सामान्य संज्ञा म्हणून ‘प्रतिबल’ योजून, ‘ताण’ व ‘दाब’ हे त्याचे दोन प्रकार मानणे हेच युक्त.

यावरून लोहाराचा शब्द त्याज्य ठरत नाही. विळ्यापुरता तो कोणत्याही नव्या संज्ञेहून नेमका आहे. मात्र संज्ञेने क्रियेचे नाव सांगावे, फळाचा निर्णय प्रयोगावर सोपवावा. हा विवेक न पाळणारी परिभाषा कितीही संस्कृतनिष्ठ वा कितीही देशी असली, तरी विद्यार्थ्यास चुकीच्या भट्टीशी नेऊन उभी करील.